चाक हाताला जड लागलं होतं

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले आमचे मालक, मॅनेजरसाहेब, आत्ताच इतक्या प्रेमानं मानपत्र वाचून दाखवणाऱ्या काउंटरवरच्या ताई, समोर बसलेले वर्कशॉपमधले माझे सोबती, त्यांच्या घरची माणसं, ज्यांच्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्या ते आमचे ग्राहक, आणि मी किती लांबण लावतो यावर पहिल्या रांगेतून नजर ठेवून असलेल्या आमच्या सौभाग्यवती, सगळ्यांना माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. माझं आयुष्य गाडीखाली गेलं, आणि गाडीखाली जे बोललं जातं ते व्यासपीठावर बोलता येत नाही. मॅनेजरसाहेब हसतायत, कारण त्यांनी ते ऐकलेलं आहे. तेव्हा शब्द इकडेतिकडे झाला तर सांभाळून घ्या.

मानपत्रात माझ्या हातांचं फार कौतुक आहे. 'वस्तादांच्या हाताला दोष कळला नाही अशी गाडी या वर्कशॉपच्या फाटकाबाहेर पडली नाही.' तिसरी ओळ. ती मी मघाशी ऐकली आणि मान खाली घातली, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या. तुम्हाला वाटलं, विनय. तो विनय नव्हता.

हातांचं म्हणाल तर जोर आहे, हे खरं. इथं येण्याआधी मी अकरा वर्षं मालाचे ट्रक चालवले. त्या ट्रकना पॉवर स्टिअरिंग नव्हतं, चाक फिरवायला यंत्राची मदत नाही. वळण आलं की सीटवरून अर्धं उठायचं आणि छातीचा भार चाकावर टाकायचा. आमच्या इमारतीत कुणाचीही बरणी उघडेना झाली की ती आमच्या दारात येते. सौभाग्यवतींची तक्रार अशी, की मी बंद केलेला नळ त्यांना उघडत नाही. हसा, हसण्यासारखंच आहे. पण या हातांमुळे वर्कशॉपमध्ये एक रीतच पडून गेली, की स्टिअरिंगची तक्रार आली की ट्रायल वस्तादांनी घ्यायची. मी फेरी मारून यायचो, ट्रायलच्या कागदावर शेरा लिहायचो, खाली सही. माझ्या शेऱ्यावर मॅनेजरसाहेबांनीसुद्धा कधी प्रश्न विचारला नाही. विचारायला हवा होता का, साहेब? असो.

चार वर्षांपूर्वी एक बाई त्यांची लहान, पांढरी गाडी घेऊन आल्या. घरोघरी जाऊन आजारी माणसांकडून व्यायाम करून घेणं हा त्यांचा व्यवसाय. पडून हाड मोडलेले, अर्धांग झालेले, असे त्यांचे पेशंट. त्या म्हणाल्या, "चालवता चालवता स्टिअरिंग एकदम दगडासारखं होतं. बंद करून परत चालू केली की ठीक होतं." मी फेरी मारली. लोण्यासारखं चाक. दोष आढळला नाही.

नऊ दिवसांनी त्या परत आल्या. परत फेरी, परत तोच शेरा. आणि या वेळी मी काउंटरवर, चारचौघांत, त्यांना म्हणालो, "ताई, गाडीत काही नाही. हातात जरा जोर आणा." सगळे हसले. माझे सोबती हसले, रांगेतले दोन ग्राहक हसले. आपल्या बोलण्याला हशा मिळाला की माणसाला बरं वाटतं, मलाही वाटलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वस्ताद, मी दिवसभर लोकांना उचलून बसवते. माझ्या हातात किती जोर आहे हे मला माहीत आहे."

आता जे सांगणार आहे ते मी चार वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. सौभाग्यवतींनाही नाही.

त्या तिसऱ्यांदा आल्या. मी वैतागूनच गाडी बाहेर काढली. पेट्रोल पंपाशेजारच्या वळणावर चाक अडलं. फार नाही, पलीकडून कुणीतरी हात धरावा इतकंच. मी जोर लावला, वळलं. पुढच्या चौकात परत हलकं झालं. मी गाडी बाजूला घेतली. मला कळलं होतं, अध्यक्षमहाराज. आणि हेही कळलं होतं, की आधीच्या दोन फेऱ्यांतही ते झालं असेल आणि माझ्या हातांना पत्ताच लागला नसेल. ज्या माणसानं अकरा वर्षं त्या मदतीशिवाय चाक फिरवलं, त्याला मदत बंद पडल्याचं काय कळणार? आणि अशा माणसाला आम्ही तपासायला बसवत होतो.

मी परत आलो. त्या काउंटरपाशी पिशवी धरून उभ्या होत्या. तेच सोबती आजूबाजूला. 'ताई, तुमचंच खरं' एवढंच म्हणायचं होतं. माझी जीभ रेटली नाही. पुन्हा हशा होईल आणि या वेळी तो माझ्यावर होईल, एवढीच काय ती भीती. मी कागद ओढला आणि लिहिलं, दोष आढळला नाही. सही केली. सही नेहमीपेक्षा झोकदार आली होती, ते मला अजून आठवतं.

बाराव्या दिवशी दवाखान्यातून येताना एका वळणावर त्यांच्या गाडीचं चाक वळलंच नाही. गाडी फुटपाथवर चढून भिंतीला लागली. शेजारी त्यांच्या सासूबाई होत्या, त्यांचं खांद्याचं हाड मोडलं. विम्याचा माणूस आमच्याकडे आला, त्यानं तीन कागद पाहिले. तीनदा तपासलेली गाडी, तीनदा दोष नाही, म्हणजे चूक चालवणारीची. त्यानं तसं लिहिलं, आणि मी तिथंच उभा होतो, मूग गिळून. घरात किल्ली त्यांच्या नवऱ्याकडे गेली. गाडीविना पेशंट एकेक करून सुटले.

चौदा महिन्यांनी गाडी बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. या बनावटीच्या गाड्यांचं पॉवर स्टिअरिंग चालत्या गाडीत बंद पडू शकतं, सगळ्या परत बोलवा, भाग फुकट बदलून द्या. मालकांनी मघाशी अभिमानानं सांगितलं, की वस्तादांनी तीनशे अकरा गाड्यांचं हे काम एकाही तक्रारीशिवाय पुरं केलं. केलं. पांढरी गाडी मी पहिल्याच दिवशी घेतली. न्यायला त्यांचे यजमान आले. म्हणाले, "वा, हलकं झालं हो. तिला सांगतो, पण ती नाही बसायची. म्हणते, मला जमतच नाही." मी फडक्याला हात पुसत राहिलो. हात स्वच्छ होते. लाज वाटते, मंडळी, आणि ती अशी व्यासपीठावर उभं राहून बोलल्यानं कमी होते असंही नाही.

गेल्या आठवड्यात मानपत्राचा मसुदा मला दाखवला गेला. ती तिसरी ओळ वाचून मी फाइलीतून तिसऱ्या ट्रायलचा कागद शोधून काढला. दुसऱ्या दिवशी मी तो जुना कागद घेऊन त्या बाईंच्या घरी गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "हे मला बैठकीत सांगून काय उपयोग? मला तर माहीतच होतं. हसले होते त्यांच्यासमोर सांगा. आणि सासूबाईंसमोर सांगा."

म्हणून हे भाषण. मालक, समारंभाचा विरस केला, त्याबद्दल तुमचा राग मला मान्य आहे. मानपत्राची चौकट काढून ती तिसरी ओळ खोडून द्यावी, ही विनंती. आणि सोबत्यांनो, उद्यापासून स्टिअरिंगची तक्रार आली, तर ज्याची तक्रार असेल त्याला चाकावर बसवा. तुम्ही शेजारी बसा, आणि तो सांगेल ते लिहा.

आपण सर्वांनी मला इतकी वर्षं सांभाळलंत, नाव दिलंत, आज एवढ्या संख्येनं आलात, आपला मी मनापासून ऋणी आहे. बोलताना कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. एक गोष्ट मात्र आपण पोटात घालू नका. ती माफ करणं आपल्या हातात नाही.

आजी, तुम्ही शेवटच्या रांगेत सुनेशेजारी बसला आहात. तुम्हाला नीट ऐकू यावं म्हणून मोठ्यानं वाचतो. हा तिसऱ्या ट्रायलचा कागद. जुना शेरा मी आज सकाळी खोडला आणि खाली नवा लिहिला. 'चाक हाताला जड लागलं. चालवणारीची चूक नाही. दोष आढळला.' खाली सही माझी आहे, आणि तारीख चार वर्षं उशिराची.