बाराने मी, अठराने तुम्ही

हो, शून्यच द्यायला हवं होतं. शाळेत पेपर तपासायला मी असते तरी शून्यच दिलं असतं. बस आधी, उभ्याने भांडू नकोस, तुझा आवाज खाली मागांच्या खडखडाटात लूमवाल्यांनाही ऐकू जातोय. प्रश्नात काय लिहिलंय? ‘भागाकार पद्धतीने लसावि काढा.’ आणि तुझ्या लेकीने, पूर्वीने, काय केलंय? बारा, चोवीस, छत्तीस — अठरा, छत्तीस — आणि छत्तीसला गोल! उत्तर बरोबर आहे, ते मलाही दिसतंय रे, पण पद्धत विचारली की पद्धत लिहायची. सहावीतली मुलगी पाढ्यांच्या रांगा लावत बसते? ही बालवाडीची रीत. अगदी भिकार. बारा-अठराला चालेल, उद्या शंभराच्या पुढचे आकडे आले की काय करणार, धामणकर नाक्यापासून काल्हेरपर्यंत आकडे लिहीत जाणार?

तू तर बोलूच नकोस, प्रितेश. तू याच बाकावर बसायचास, आणि तुला लसावि म्हटलं की एकच ठाऊक — दोन्ही आकड्यांचा गुणाकार करायचा आणि मोकळं व्हायचं. बारा गुणिले अठरा, दोनशे सोळा! अरे, विभाज्य आहे, पण लघुत्तम कुठाय? तुझी आई यायची, ‘बाय, पोराला जमत न्हाय,’ म्हणायची. ती तरी खरं बोलायची. तू आता गोदामं भाड्याने देतोस, पांढरी गाडी खाली आडवी लावतोस, म्हणून तुला गणित आलं असं समजू नकोस. आणि तो व्हिडिओ मला दाखवू नकोस, पाहिलाय मी. आकडे एकाखाली एक लिहा, काट मारून दोन छेद तीन करा, मग तिरपा गुणाकार — बारा त्रिक छत्तीस, आणि वर टाळ्या! तो का चालतो ते त्या कोट घातलेल्या माकडाला विचार. मसावि कुठे लपलाय त्यात, सांगता येईल त्याला? नाही येणार. यांचं सगळं फटाफट. आणि दुसरे ते शहाणे, मूळ अवयववाले — बारा म्हणजे दोन, दोन, तीन. अठरा म्हणजे दोन, तीन, तीन — आणि मग सामाईक एकदाच घ्यायचे की दोनदा, यावर पोरं रडकुंडीला. पद्धत एकच — आडवी रेघ, उभी रेघ, दोनाने भागा, तिनाने भागा, भाजक आणि खाली राहिलेलं सगळं गुणा. आयुष्यभर तीच शिकवली मी. आमचे सर मात्र...

सरांचं राहू दे.

काय म्हणालास? पुन्हा म्हण. पोरगी ‘येड्यापाशी’ बसते? माझे यजमान आहेत ते, नाव चांगदेव सर. तुझा गुणाकार सुधारायला तेच जेवणाच्या सुट्टीत तुझ्या शेजारी बसायचे, मी नव्हे. मी तर तुला केव्हाच सोडून दिलं होतं. वेड नाही लागलेलं त्यांना, लकवा झालाय. उजवा हात गेला, वाचा गेली. ठाण्याला नेलं, बोलायला शिकवणारी बाई झाली, चित्रं झाली — केळं, छत्री, गाय — त्यांनी तोंड फिरवलं. केळं म्हणायला लावता त्या माणसाला? मग मी म्हटलं, मी शिकवते. मला येतं ना शिकवायला! पाटी घेतली, रेघा मारल्या, बारा आणि अठरा लिहिले, म्हटलं, बोला, कशाने भाग जातो? पाटीकडे बघत राहिले. पुन्हा विचारलं. मोठ्याने विचारलं. डाव्या हाताने पाटी भिरकावली त्यांनी — भिंतीवर आपटून फुटली. त्यानंतर मी त्या खोलीत ताट ठेवायला जाते, औषध द्यायला जाते. बोलायला नाही जात.

तुझी मुलगी पाणी प्यायला आत गेली होती. मी पाठवली नव्हती, लिहून घे. गेली आणि परत येईना, म्हणून बघायला गेले, तर खाली बसलीय आणि त्यांना सांगतेय, ‘आजोबा, बाराने मी, अठराने तुम्ही. जो मागे असेल त्याने पुढचं बोलायचं.’ कुणी शिकवलं तिला हे? कुणी नाही, तिचा तिनेच काढलेला खेळ. ती म्हणाली बारा. मी दारात उभी. मनात म्हटलं, अगं, त्यांच्या तोंडून शब्द निघत नाही. आणि आतून आवाज आला — अठरा. घोगरा, तिरपा, पण अठरा. ती चोवीस. आता अठरावाला मागे, म्हणून ते छत्तीस. मग तीही छत्तीस, आणि हसली. आणि ते... दात दिसत होते रे त्यांचे. तेव्हापासून रोज चाललंय. मी रोज म्हणते, हा पोरखेळ आहे, हे गणित नव्हे. दार मात्र लावू देत नाही कुणाला.

माझं नाव? नाही येत. चंद्रा म्हणायला अजून जमत नाही. तिला ‘पूर्वी’ म्हणतात ते, मला नाही म्हणत. त्यात काय एवढं! माझं नाव काही पाढ्यात येत नाही.

हे बघ, भागाकार पद्धत मी तिला शिकवते, आठवडाभरात घोटवून घेते, पुढच्या चाचणीत शून्य मिळालं तर माझ्याकडे ये. दुसऱ्या क्लासला टाकायचं तर टाक, तुला कोण अडवतंय, नाक्यावर पायलीचे पन्नास क्लास आहेत. पण त्या खोलीत जायचं नाही, असं तिला मी सांगणार नाही. तुला सांगायचं तर तू सांग. जा, आत जाऊन स्वतःच्या तोंडाने सांग. ऊठ ना, आता का बसलास?

हळू. चपला तिथेच काढ. आवाज नको करूस, चालू आहे त्यांचं. आज तिने आठ घेतलेत आणि त्यांनी — अरे देवा, चौदा घेतलेत? चौदा कधीच घेत नाहीत ते. चौदाचा पाढा धडधाकट माणसाला नीट येत नाही. ऐक, ‘बेचाळीस’ म्हणाले. स्वच्छ म्हणाले. ती चाळीस. तीच मागे, म्हणून पुन्हा तीच — अठ्ठेचाळीस.

आता ते मागे आहेत.

तिला हाक मारू नकोस. हात खाली कर. न्यायचंय ना तुला तिला? ने, पण डाव संपू दे. आणि ओठ हलवू नकोस, ते आकडा तुझ्या तोंडावरून ओळखतील. मला येतंय ना उत्तर? मग मी सांगतेय का? तू पण गप्प राहा. त्यांची पाळी आहे.