साहेबांसाठी पायऱ्या

शेतकी कार्यालयाची रांग हलत नव्हती. मागे उभ्या असलेल्या बाईच्या कानावर पुढच्या दोघांचं बोलणं आपसूक पडत होतं.

"काका, डोंगरी शेतीचं अनुदान मिळालं का?"

"कुठलं! माझं शेत सपाटीवर आहे म्हणे."

"तुमचं? तिथे चढताना बकरीलाही धाप लागते!"

"लागायची. साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर मी जिवाचं रान करून पायऱ्या खोदल्या. वळणावर बसायला दगड मांडला. म्हटलं, पाहुण्याला त्रास नको."

"मग?"

"साहेब गुणगुणत वर आले. ‘चढ फारसा नाही’ असं लिहिलं आणि गुणगुणतच उतरले."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"बोललो ना. ‘सावकाश उतरा, पुन्हा या’ म्हणालो. देव अक्कल वाटत होता, तेव्हा मी दगड मांडत होतो."

"मग आज रांगेत कशाला?"

"पायऱ्या मोडायला काही अनुदान मिळतं का, ते विचारायला."

मागच्या बाईने घाईघाईने घरी फोन लावला.

"अहो, साहेब उद्या येणार म्हणून वाट साफ करताय ना? ती कुदळ आधी खाली ठेवा. आणि कापलेले काटे होते तिथे परत टाका."