धाकट्याच्या दोन नव्या प्रती

ग्रंथपाल : मास्तर, त्या ढिगातलं काही उचलू नका. ती बाद केलेली पुस्तकं आहेत.

मास्तर : बाद कशी, बाई? हे बघा तरी. पान मुडपलेलं नाही, शिवण उसवलेली नाही. कोरं करकरीत आहे.

ग्रंथपाल : तोच त्याचा दोष. मागच्या चिठ्ठीवर सात वर्षांत एक शिक्का नाही. पाच वर्षं कुणी नेलं नाही की काढायचं. नाहीतर नवी पुस्तकं ठेवू कुठे? अगंबाई, हे तुमचंच की.

मास्तर : माझंच. तीन वर्षं घासून लिहिलंय. आणि त्याच्या शेजारचं, कणा निघालेलं, ते आमच्या धाकट्या भावाचं. तेही बाद?

ग्रंथपाल : तेही.

मास्तर : चला, तेवढंच समाधान.

ग्रंथपाल : त्याचं वेगळं आहे. ते वाचून वाचून फाटलंय. अशा पुस्तकाची नवी प्रत मागवतो आम्ही. याच्या दोन मागवतोय.

मास्तर : दोन. आई म्हणायचीच, थोरला कष्टाळू, धाकटा हुशार. आयुष्यभर तेच. पण बाई, एवढं नेतं तरी कोण ते?

ग्रंथपाल : चिठ्ठीवर नुसत्या तारखा असतात. देवघेव शिपाई बघतो, कुणी नेलं ते इथे असेल.

(ती नोंदवही उघडते.)

ग्रंथपाल : चौतीस वेळा गेलंय. सभासद दोनशे अकरा. पुन्हा दोनशे अकरा. पुन्हा तेच. मास्तर, हा तर तुमचा क्रमांक.

मास्तर : असेल.

ग्रंथपाल : चौतीसपैकी सव्वीस वेळा तुम्हीच.

मास्तर : पंधरवडा संपला की परत करायचो, दोन दिवसांनी पुन्हा न्यायचो. कपाटात राहिलं तर कुणीतरी वाचणार. माझ्या घरी असलं म्हणजे निदान तेवढे दिवस तरी नाही.

ग्रंथपाल : म्हणजे लोकांनी वाचू नये म्हणून तुम्ही नेलंत, आणि त्यामुळेच...

मास्तर : कळलं मला. माझ्या पायावर मीच धोंडा पाडून घेतला.

ग्रंथपाल : पण घरी नुसतं पडून राहून पुस्तक एवढं फाटत नाही.

मास्तर : वाचायचो ना. दरवेळी. चुका काढायला बसायचो.

ग्रंथपाल : सापडल्या?

मास्तर : एक. आमच्या घराला सात पायऱ्या होत्या, त्यानं नऊ लिहिल्यात. बाकी चांगलं लिहिलंय. फार चांगलं लिहिलंय, बाई. म्हणून तर जळतो मी.

ग्रंथपाल : नव्या प्रतींच्या यादीवर माझी सही व्हायची आहे अजून. मागणी खरी नाही असा शेरा मारला, तर प्रती येणार नाहीत. त्या जागेत तुमचं पुस्तक वर्षभर ठेवता येईल. मारू शेरा?

मास्तर : मी तुमचा वाचक आहे ना?

ग्रंथपाल : बावीस वर्षांपासून.

मास्तर : मग आकडा खरा आहे. करा सही.

ग्रंथपाल : आणि तुमचं?

मास्तर : द्या इकडे, घरी नेतो. नव्या प्रती आल्या की मला आधी कळवा.

ग्रंथपाल : दोन्ही न्याल?

मास्तर : एकच. दुसरी जाईल कुणाकडे तरी. कोणी नेली ते मात्र मला सांगू नका.