अठ्ठावीस दिवसांची खानावळ

नळदुर्गला हायवेवर रशीदचाचांची खानावळ हाय, म्या तिथंच जेवतो. सिमकार्ड विकणारे एक साहेबबी एक तारखेला महिन्याचे पैसे भरून तिथंच जेवायचे. त्यांनी चाचांना गळ घातली, "पोस्टपेड सोडा, प्रीपेड घ्या. करार नाही, कटकट नाही."

चाचांनी घेतलं. अठ्ठावीस दिवसांनी फोन मुका. विचारलं तर साहेब हसले, "चाचा, कंपनीचा महिना एवढाच असतो."

पुढच्या महिन्यात एकोणतीस तारखेला साहेब जेवायला बसले. चाचांनी गरम भाकरी त्यांच्या नाकापुढं धरली न् माघारी नेली.

"चाचा, महिना संपायला अजून दोन दिवस आहेत."

"वास येतोय ना? म्हंजे रेंज फुल्ल हाय. जेवण रिचार्ज मारल्यावर."