भोकं पाडलेल्या दोन गाड्या आणि गारिगू उस्तादांचा घण

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या सोर्वाल मोटार कारखान्याचे धाकटे मालक मोस्यू ओगुस्त. मंचावरचे नगराध्यक्ष, ज्यांची नजर माझ्याकडे कमी आणि भाजलेल्या बदकांच्या ताटाकडे जास्त आहे. आजचे सत्कारमूर्ती, भट्टीखात्याचे लेओन्स गारिगू उस्ताद. आणि समोर बसलेल्या बंधूंनो, भगिनींनो,

मी ओनोरीन बास्तिद, गाड्यांच्या गाद्या शिवणाऱ्या खात्याची मुकादम. मला भाषण येत नाही, जीभ मात्र येते, हे खात्यातल्या मुली सांगतील.

आधीच्या वक्त्यांनी उस्तादांना शांत, सोशिक, मवाळ म्हटलं. अहो, कुणाबद्दल बोलताय? या माणसाने भर रस्त्यात, बँड वाजत असताना, तीन धडधाकट माणसं आडवी केली होती. एकाच्या बरगड्या मोडल्या, एकाचे पुढचे दात वाळूत पडले. ते सगळं गाळून निरोप द्यायचा, तर निरोप तरी कुणाला द्यायचा?

नव्या मुलांना माहीत नाही, म्हणून सांगते. लिमोजच्या शर्यतीचं ते वर्ष. गाडीचं वजन हजार किलोच्या आत हवं, असा नियम. थोरल्या मालकांना इंजिन तर राक्षसाएवढं हवं होतं. मग करायचं काय? भोकं पाडायची! खुर्चीला भोकं, सांगाड्याला भोकं, ब्रेकच्या दांडीला भोकं. सगळ्याच कारखान्यांना तो रोग जडला होता. आमची माणसं फुशारकीने सांगायची, आमच्या गाडीतून पलीकडचा रस्ता दिसतो.

शर्यतीच्या दोन गाड्या होत्या. पहिलीत चालकाशेजारी मेकॅनिक म्हणून माझा नवरा एमिलियाँ. दुसरीत उस्तादांचा धाकटा भाऊ, फुल्क्राँ. आदल्या संध्याकाळी दोन्ही गाड्या थोड्या जड भरल्या, आणि सकाळी वजनात बसल्या. उस्तादांना शंका आली. ते गाडीखाली शिरले. पुढची चाकं वळवणारा दांडा त्यांनी स्वतः घडवला होता. दोन्ही गाड्यांत त्यालाही भोकं पाडली होती, म्हणजे वळणावर तो तुटणार.

कुणी पाडली? मोस्यू ओगुस्त, तुमचे वडील आता नाहीत, देव त्यांना शांती देवो. पाडली त्यांनीच.

उस्ताद त्यांच्याकडे गेले. थोरल्या मालकांनी टोपी सारखी केली आणि ते म्हणाले, शर्यतीचं निशाण पडायला वेळ थोडा आहे, बाजूला व्हा. मग उस्ताद भावाकडे गेले, उतर म्हणाले. आता मेकॅनिक लोकांची रीत अशी, की एकदा गाडीत बसलं की निशाणाआधी उतरायचं नाही. उतरला तो बायकी, त्याला कुठल्याच दारूच्या गुत्त्यात कुणी पेला देत नसे. काय तो मान आणि काय ते शहाणपण! फुल्क्राँ हसून म्हणाला, "दादा, तू लोखंड ठोक. वेग आम्ही बघतो." माझ्या नवऱ्याला सांगितलं, तर तो थुंकलाच.

तेव्हा उस्तादांनी घण आणला.

पहिली गाडी आधी सुटायची, म्हणून आधी तिच्याकडे वळले. पहिल्या घावात इंजिनाचं झाकण फुटलं, दुसऱ्यात तेल उडून पाहुण्या बायकांच्या पांढऱ्या झग्यांवर गेलं. अडवायला आलेल्यांचं काय झालं ते मघाशी सांगितलंच. गाडी मेली. घण घेऊन ते दुसऱ्या गाडीकडे धावले, आणि तेवढ्यात माझ्या नवऱ्याने इंजिन फिरवायचा लोखंडी हँडल उचलला आणि त्यांच्या तोंडावर हाणला.

मी दोरीपलीकडे उभी होते. तो आवाज मी आजही विसरलेले नाही. उस्ताद गुडघ्यावर पडले तरी सरकत होते. मग शिपाई तुटून पडले, लाथा आणि दंडुके. रक्त गाळत ते एकच सांगत होते, "दुसरी थांबवा." कुणी ऐकलं नाही. निशाण पडलं.

पहिल्या मोठ्या वळणावर दांडा तुटला. गाडी सरळ गर्दीत घुसली आणि झाडावर फुटली. फुल्क्राँला गोळा करून आणला, उचलून नव्हे. त्यात दोन शेतकरी आणि एक पावाची टोपली घेऊन उभी असलेली बाई गेली. उस्तादांना ही बातमी कोठडीत कळली, डाव्या डोळ्यावर फडकं बांधलेलं असताना.

ते सुटून आल्यावर मी त्यांना विचारलं होतं, आमची गाडी आधी का? म्हणाले, "बाई, ती आधी सुटणार होती." बस, एवढंच. मी मात्र त्या दिवसापासून रोज संध्याकाळी नवऱ्याला घरी येताना बघते, आणि रोज माझा जीव तुटतो.

आणि माझा नवरा? वीसेक वर्षं एकाच फाटकातून दोघं आत येतात, पण हा त्यांच्याशी एक शब्द बोललेला नाही. वाईट माणूस नाही तो. त्याला लाज वाटते, आणि लाज वाटली की पुरुष रागावतात. उद्या उस्ताद गावी जाणार, तिथून काही परत यायचे नाहीत. म्हणजे राहिलेलं बोलायला आजचा दिवस आहे. म्हणून मी बोलायला उभी राहिले, एरवी मला गाद्या पुष्कळ आहेत.

मोस्यू ओगुस्त, आपण मला मध्येच खाली बसवलं नाहीत, आपले उपकार. नगराध्यक्ष, बदकं गार झाली, दोष माझा. आनंदाच्या कार्यात रक्तामांसाचं बोलले, कुणाला लागलं असेल तर पदरात घ्या. उस्ताद, तुमचे आभार मानायला मला शब्द नाहीत, आणि असते तरी पुरले नसते.

आता एमिलियाँ, ऊठ. दाराकडे बघू नकोस, ते मी लावून घ्यायला सांगितलंय. इकडे मंचावर ये. आणि उजव्या बाजूने ये रे, डावीकडून आलास तर त्यांना दिसणार नाहीस.