फिल्टरवरची तारीख

बायको : जाम बसलाय हो हा नट. हलायचं नाव घेत नाही.

नवरा : पान्याला लटकू नकोस, घसरेल. तळहाताने दणका दे.

बायको : देतेय. पाठीखाली खडा टोचतोय. दर वर्षी दोन-दोन तास तुम्ही या गाडीखाली कसे पडून राहिलात, तुमचं तुम्हाला ठाऊक.

नवरा : सवय.

बायको : कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं असतं तर अर्ध्या तासात मोकळे झालो असतो.

नवरा : बावीस वर्षांत या गाडीला परका हात लागलेला नाही.

बायको : आणि माझा हात घरचा, होय? कालपर्यंत बोनेटला टेकले तरी खेकसायचात.

नवरा : सोमवारी दोनशे किलोमीटर जायचंय. मोठ्या डॉक्टरांची वेळ तीन महिन्यांनी मिळालीय. माझे हात असे. म्हणून म्हटलं, तू तेल तेवढं बदल.

बायको : सुटला! सुटला एकदाचा! पडतंय घमेल्यात. अहो, पण हे तेल आहे की डांबर?

नवरा : जुनं काळंच असतं.

बायको : बरं. आता फिल्टर काढते.

नवरा : तो राहू दे.

बायको : का म्हणून? तुमच्याच वहीत लिहिलंय, 'तेल बदललं की फिल्टर बदलायचाच.' खाली दोन रेघा ओढल्यात.

नवरा : राहू दे म्हणतो ना. तुला नाही जमायचं.

बायको : नट जमला, आता हे काय अवघड? थांबा, यावर काहीतरी लिहिलंय. तारीख आहे. तुमचंच अक्षर. अहो, ही चार वर्षांपूर्वीची आहे.

नवरा : शाई पुसली असेल. नीट दिसत नसेल.

बायको : लख्ख दिसतेय. आपली पोरगी नोकरीसाठी गेली, तो महिना. आणि बोनेटच्या आत तर त्यानंतरच्या तिन्ही वर्षांच्या, तेल-फिल्टर बदलल्याच्या तारखा लिहिल्यात तुम्ही. परवाच वाचल्या मी.

नवरा : तेल सांडेल, घमेलं सरकव.

बायको : घमेलं राहू दे. अहो, बोला की!

नवरा : त्याच्या पुढच्या वर्षी नट धरताच येईना. बोटं ऐकेनात. पाना निसटून तोंडावर पडला.

बायको : ओठ फुटला होता तुमचा. दार लागलं म्हणालात.

नवरा : हो.

बायको : मी खिडकीतून विचारायचे, 'झालं का?' खालून ठणठण आवाज यायचा.

नवरा : पाना आपटायचो. तुला ऐकू जावा म्हणून. दोन तास झाले की बाहेर येऊन तारीख लिहायचो. पेन दोन्ही हातांनी धरून.

बायको : आणि पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, हात कधीपासून थरथरतात? तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, 'गेल्याच महिन्यात गाडीचं सगळं काम यांनी एकट्याने केलं. आत्ताआत्ताच सुरू झालंय.' तुम्ही शेजारी बसला होतात!

नवरा : तू इतक्या कौतुकाने सांगत होतीस.

बायको : चुलीत घाला ते कौतुक! माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी थकवा म्हणून गोळ्या दिल्या. दहा महिने त्याच गिळल्यात तुम्ही. माझ्या तोंडून खोटं वदवलंत हो.

नवरा : तेलात बोट घाल.

बायको : काय?

नवरा : घमेल्यातल्या तेलात बोट बुडव आणि उन्हात धर. काही चमकतंय?

बायको : हो. बारीक, चंदेरी भुकटीसारखं.

नवरा : मग इंजिन आतून झिजलंय. आता नवं तेल घालून काही उपयोग नाही. दोनशे किलोमीटर नाही काढायची ती.

बायको : मरू दे गाडी. भाड्याची करू. पण सोमवारी तिथे जाऊन सांगायचं काय?

नवरा : खरं ते. तीन वर्षं झाली म्हणून.

बायको : तीन वर्षं म्हटल्यावर ते काय म्हणतील?

नवरा : मी आत्ता गाडीबद्दल म्हटलं, तेच.

बायको : गप्प बसा. एक अक्षर बोलू नका. मी फिल्टर बदलणार आहे.

नवरा : उपयोग नाही गं.

बायको : नसू दे. नवा फिल्टर द्या इकडे. द्या म्हणते ना. हात कापतोय तर कापू दे, पडला तर उचलेन मी.

नवरा : घे. आता पुन्हा खाली कशाला शिरतेस? माती लागलीय सगळी केसांना. (थोड्या वेळाने) अगं, ऐकतेस का? बराच वेळ झाला, काहीच आवाज नाही. झालं का?

(गाडीखालून पान्याचा आवाज येतो : ठण. ठण.)

नवरा : एवढ्या जोरात नव्हतो आपटत मी.