सासूबाईंचा रकाना

हा किस्सा गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या शुक्रवारी, दुबईतल्या ऊद मेथा भागात चहा पिताना, खुद्द निखिलने मला सांगितला. निखिल शारजात राहतो आणि घरी बिअर आंबवणाऱ्या देशोदेशींच्या हौशी मंडळींसाठी मोफत सॉफ्टवेअर लिहितो. शारजात दारूबंदी असल्याने तो स्वतः थेंबही बनवत नाही. तरीही पुण्याहून राहायला आलेल्या सासूबाईंपासून त्याने हे लपवले होते. एकदा तो त्या सॉफ्टवेअरची मराठी आवृत्ती तपासत असताना त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“निखिलराव, ‘आंबवण्याचा काळ चौदा दिवस’, हे कशाचं?”

“आंबोळीच्या पिठाचं, आई.”

“चौदा? अहो, इथल्या उकाड्यात पीठ चार तासांत पातेल्याबाहेर येतं. खोलीची उष्णता धरलीच नाहीत वाटतं.”

खरोखरच धरली नव्हती. त्याने तो रकाना जोडला. वापरकर्ते खूश होऊन विचारू लागले, की ही सूचना कोणाची. “घरच्या तज्ज्ञांची,” असे त्याने कळवले.

परतताना विमानतळावर सासूबाई म्हणाल्या, “त्यात ‘कडवटपणा’ असाही रकाना होता. आंबोळी जरा बेतानेच कडू करा हं.”

त्यांना पहिल्याच दिवशी सारे कळले होते का, याची खातरजमा मला करता आलेली नाही. निखिलने तर विचारलेच नाही.